कुमुदवहिनींची कुरकुर

"मेला हा दगड इथंच मरायला पडायचा होता! ऐन वाटेत, डाव्या पायाशी."

कुमुदवहिनींचं हे वाक्य मी त्यांच्या अगदी टाचेमागून ऐकलं. चढच असा होता की पुढच्याच्या टाचा मागच्याच्या नाकाशी यायच्या.

"कुमुद, बास," पुढून धुमाळ सर म्हणाले आणि दगडाला उजवीकडून वळसा घालून वर गेले.

"बास काय बास! आता ही फांदी बघा. उजवीकडून आडवी, बरोबर कपाळाला. सरकारला एक फांदी तोडता येत नाही."

सर वाकले. वहिनी वाकल्या. मी वाकले. माझ्या मागे पल्लवी कॅमेरा सांभाळत वाकली आणि कुजबुजली, "हंसाताई, काकू दिवसभर अशाच बोलतात का हो?"

"नाही," मी म्हटलं. "जेवताना जरा कमी असतं."

पल्लवी आमच्या मंडळात नवी होती. पक्षी बघायला आली होती बिचारी, आणि पहाटेपासून एक पक्षी जवळ टिकला नव्हता. सगळ्यात शेवटी मकरंद होता. तो नेहमीच शेवटी असायचा. शेवटचा माणूस बदलायचा नाही, हा सरांचा नियम. पुढे सर, मागे मकरंद, मधे आम्ही सगळे, म्हणजे कुणी हरवणार नाही.

भैरवकड्याचं जंगल सरकारी, राखीव. नाक्यावर पावती फाडायची, आणि अंधार पडायच्या आत पलीकडच्या नाक्यावर बाहेर पडायचं, एवढेच सरकारचे नियम. बाकीचे सरांचे. सर तांत्रिक शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि दर रविवारी कराडातल्या कुणाकुणाला गोळा करून डोंगरात न्यायचे. मी पोळी-भाजीचे डबे करायची. चाळिशीला गुडघ्यांनी तक्रार केली, डॉक्टर म्हणाले रोज सपाटीवर थोडं चाला. मी 'थोडं' आणि 'सपाटीवर' हे दोन शब्द विसरले आणि सरांच्या मंडळात जाऊन बसले. झाडांची नावं मला सरांनी शिकवली. ऐन, हिरडा, अंजन, जांभूळ, सालीवरून ओळखायची. पान काय, गळून जातं, म्हणायचे.

कुमुदवहिनी मात्र आधी कधी येत नसत. सर सेवानिवृत्त झाले आणि मग दोनेक वर्षांनी त्या एकदम यायला लागल्या. आल्या त्या कुरकुरतच आल्या. दगड, काटा, खड्डा, ओढा, काही म्हणून सोडत नसत. मंडळातल्या लोकांनी त्यांच्या नकला केल्या, मग नकलांचाही कंटाळा केला, आणि मग सरांची कीव करायला लागले. "घरी पण आणि इथं पण," असं म्हणायचे.

त्या दिवशीची फेरी साधी नव्हती. मे महिन्यात मंडळाचं मुलांचं शिबिर असायचं आणि त्याची ही पाहणी होती. मुलांना घेऊन शेवटच्या टप्प्याला मांजरवाटेनं उतरायचं की लांबून बैलगाडीच्या रस्त्यानं, एवढंच ठरवायचं होतं. मांजरवाट म्हणजे कड्याच्या पोटातून आडवी गेलेली पट्टी. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला दरी, आणि मधे एक माणूस मावेल एवढी जमीन. मंडळातले एक-दोघं आधीच म्हणाले होते की पोरांना तिथं नको. सर चिडले होते. "मग बागेत न्या त्यांना. घसरगुंडी आहे तिथं. मी पोरं मांजरवाटेनंच नेली आहेत, आणि नेणार."

त्या पोरांच्या यादीत माझी धाकटी होती. केतकी. अकरा वर्षांची, आणि महिनाभर आधीच सॅक भरून दाराशी ठेवलेली.

सकाळी नाक्यावरच्या वनरक्षकानं सांगितलं होतं, "सर, जपून जावा. पावसात मांजरवाटेची ती मधली पायरी गेली. आता पाय खाली टाकायचा, उजव्या अंगाला. दुसरी खोबण आहे. आणि वर आग्या मोहोळ लागलंय यंदा, मोठं."

"माहितीय," सर म्हणाले होते. पण पायरीचं त्यांना माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

चढ संपला आणि आम्ही पठारावर आलो. झाडं विरळ झाली. सरांनी एकदम हात वर केला. "ते बघा. समोरच्या कड्यावर, वाळक्या झाडाच्या शेंड्याला. गरुड."

पल्लवीनं दुर्बीण लावली आणि किंचाळायचीच बाकी राहिली. "सर, तुम्हाला दुर्बिणीशिवाय दिसला?"

"सवय लागते," सर म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं.

पल्लवीनं मग मोठ्या प्रेमानं डबा उघडला आणि सरांच्या शेजारी जाऊन शेंगदाण्याचा लाडू त्यांच्यापुढे धरला. सर समोरच्या कड्याकडे बघत राहिले. तिनं हात अजून पुढे केला. सरांनी मान वळवली नाही. ती ओशाळून मागे आली.

"रागावलेत का माझ्यावर?" तिनं मला विचारलं.

"अहो," वहिनी लगेच करवादल्या, "उजवीकडं लाडू घेऊन पोरगी उभी आहे, हात दुखला तिचा! माणसानं किती भाव खावा?"

सर वळले, हसले, लाडू घेतला. "कुमुद, बास," म्हणाले.

माझ्या डोक्यात तेव्हा काहीतरी खुट्ट वाजलं. पण जंगलात असं खूप काही खुट्ट वाजतं.

पठार ओलांडून पुन्हा रानात शिरलो. वाटेच्या वळणावळणावर झाडांना चुन्याचे ठिपके होते. ठसठशीत, ताटलीएवढे, आणि सगळे अगदी समोर, डोळ्यांच्या उंचीला. मागच्या वेळी ते नव्हते. मी मागे वळून बघितलं तर मकरंदच्या बुटांवर पांढरे शिंतोडे.

"बूट कशानं पांढरे झाले रे?"

"घरी रंगकाम काढलंय," मकरंद म्हणाला.

मकरंद भाड्याच्या घरात राहायचा, आणि त्याचा घरमालक किती चिक्कू होता ते मला माहीत होतं, कारण मकरंदचा डबा माझ्याकडे होता.

आणि मग वहिनींना ठसका लागला.

पाणी पिताना लागला, साधाच. पण असा जोराचा की त्या वाकून झाडाला धरून उभ्या राहिल्या. मी पाठीवरून हात फिरवत होते. सर पुढे चालत होते. वाट तिथं डावीकडे वळत होती. चुन्याचा ठिपका एका ऐनाच्या खोडावर होता, पण तो खोडाच्या कडेला गेला होता. खोडच वाकडं, मकरंद तरी काय करणार? सर वळले नाहीत. सरळ गेले. दोन पावलं, चार पावलं, वाळक्या पानांच्या ढिगाकडे. वहिनींनी खोकता खोकता मान वर केली आणि त्यांचे डोळे असे झाले की मी ते अजून विसरले नाही. त्यांना बोलायचं होतं आणि आवाज फुटत नव्हता.

"सर!" मी ओरडले.

सर थांबले. "काय?"

त्यांचा पुढचा पाय पानांवर होता. पानं सरकली, खाली घरंगळत गेली, आणि त्यांच्या खाली जमीन नव्हती.

"काही नाही," मी म्हटलं. "वहिनींना ठसका लागलाय. परत या जरा."

ते परत आले. आपल्या पावलावर पाऊल ठेवून, अगदी सावकाश. वहिनींचा आवाज सुटला तसं पहिलं वाक्य आलं, "वाट डावीकडं आणि हे निघाले सासुरवाडीला!" सर हसले. पल्लवी हसली. मी वहिनींच्या पाठीवरचा हात काढला नाही.

झऱ्यावर थांबलो. सर आणि पल्लवी वरच्या खडकावर बसले. मी वहिनींबरोबर बाटल्या भरायला खाली गेले.

"वहिनी, कधीपासून?"

"काय कधीपासून?" त्यांनी बाटली झऱ्याखाली धरली. भरून वाहायला लागली तरी धरूनच ठेवली. मग म्हणाल्या, "एकटेच मिरजेला जाऊन आले. मला सांगितलं मित्राकडं गेलो होतो. डोळ्यांच्या थेंबांची बाटली चपलांच्या कपाटात ठेवतात, मागं, जुन्या बुटात. मी कपाट झाडते, बूट पुसते, बाटली परत तिथंच ठेवते."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"ते बोलले नाहीत, मी बोलले नाही. समोरचं, लांबचं तेवढं दिसतं, कडेचं आणि पायाखालचं नाही. घरी ताट वाढलं की म्हणते, आमटी तिखट झालीय का बघा मेली, उजवीकडं ठेवलीय. जिन्यावर म्हणते, हा शेवटचा दगड उखडलाय, मालकाला लाज नाही. बाई, मी आयुष्यात एवढी कधी बोलले नव्हते. माझ्या आईला वाटायचं मी मुकी निघते की काय."

मला हसू यायला हवं होतं.

"वहिनी, मे महिन्यात पोरं आहेत. माझी केतकी आहे."

"माहितीय मला."

"मग?"

"मग तू सांग." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या माणसाला घरात भिंती आहेत गं. मोकळं असं हे एकच आहे. मी कुठल्या तोंडानं सांगू? तू सांग."

मी वर गेले. सांगायला म्हणूनच गेले. सर पल्लवीला बोटानं काहीतरी रेखाटून दाखवत होते, हवेत, कड्याची रेघ कशी ओढायची ते. इतकं सुंदर बोट फिरत होतं. मी तशीच मकरंदकडे गेले.

"मकरंद, मांजरवाटेला आज तू पुढे हो."

"सरांच्या पुढे?"

"हो. सांग, पायरी गेलीय, मी आधी बघून येतो."

त्यानं बुटांकडे बघितलं. "हंसाताई, मी पंधरा वर्षांचा असताना कड्यात अडकलो होतो. सर दोर बांधून खाली आले. रडू नकोस म्हणाले नाहीत, रड म्हणाले, पण पाय हलवू नकोस. मी त्यांना काय म्हणू? की तुम्ही..." तो थांबला.

"मग चुना मारत फिरणार का जन्मभर?"

"मांजरवाटेवर नाही मारता आला," तो म्हणाला. "मोहोळ होतं."

तरी त्यानं धीर केला. उठताना म्हणाला, "सर, पायरीचं म्हणत होता तो वनरक्षक. मी पुढे जाऊन बघू का?"

"आणि शेवटी कोण?" सरांनी विचारलं.

"हंसाताई राहतील."

"शेवटचा माणूस बदलायचा नाही," सर म्हणाले, आणि सॅक पाठीला लावली.

परत फिरावं तर गाडी केव्हाच डोंगराला वळसा घालून पलीकडच्या नाक्यावर गेली होती, आणि बैलगाडीचा रस्ता धरला तर रानातच अंधार पडला असता. तसं मी मनाशी म्हटलं. खरं तर अंधार परवडला असता.

मांजरवाटेच्या तोंडाशी आलो तेव्हा ऊन तिरपं होऊन समोरून डोळ्यांत येत होतं. वर, पट्टीच्या बरोबर मधोमध, कड्याच्या कपारीखाली मोहोळ लटकत होतं. जात्याएवढं, काळं, आणि त्याच्या अंगावरून चमकती लाट वरून खाली जात होती, पुन्हा वरून खाली. आवाज असा की कानापेक्षा दातांना कळावा.

सरांनी आम्हाला जवळ बोलावलं. "अत्तर, पावडर, काही लावलंय कुणी?"

पल्लवीनं उन्हाचं मलम लावलं होतं. तिनं प्यायच्या पाण्यानं तोंड धुतलं.

"माझ्या डोक्याला खोबरेल आहे," वहिनी म्हणाल्या. "ते चालतं ना?"

"चालतं. मधे एकेकानं, अंतर ठेवून. आणि आता पलीकडे पोचेपर्यंत एक अक्षर नाही."

"सर, हळू बोललेलं चालतं," मकरंद म्हणाला. "तुम्हीच सांगता. ओरडायचं नाही, शिट्टी नाही, पण हळू..."

"आज नाही." सर वहिनींकडे वळले. ज्या बाजूला त्या होत्या तिकडे बरोबर वळले. "विशेषतः तू, कुमुद. एक अक्षर नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. रागावलेला माणूस असा दिसत नाही. परीक्षेला बसणारी मुलं अशी दिसतात.

वहिनींनी पदर खोचला. "मग मला तुमच्या सॅकचा पट्टा धरू द्या. मला बाई भीती वाटते."

पल्लवीला ते खरं वाटलं. तिनं वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला.

"धर," सर म्हणाले.

आम्ही निघालो. सर, त्यांच्या सॅकचा पट्टा मुठीत धरून वहिनी, मग मी, मग पल्लवी, मग मकरंद. अंतर ठेवा म्हणाले होते, मी ठेवलं नाही. वहिनींच्या मुठीवरून माझी नजर हलली नाही. दगड आला की मूठ डावीकडे ओढायची, कडा ढासळलेली असली की भिंतीकडे खेचायची, डोक्याशी खडक आला की खाली. बैलाचा कासरा धरावा तशी. आणि सर त्या ओढीला असे चालत होते, जसे काही ते स्वतःच ठरवतायत.

निम्म्या वाटेवर, मोहोळाच्या अलीकडे, सर थांबले. मान न वळवता त्यांनी हात मागे आणला, पट्टा चाचपला, आणि त्यावरची वहिनींची बोटं एकेक करून सोडवली. रागानं नाही. झोपलेल्या मुलाची मूठ सोडवतात तशी.

वहिनींचा हात हवेत तसाच राहिला.

सर पुढे गेले. भिंतीला डावा हात घासत, पायानं जमीन चाचपत. आम्ही मोहोळाच्या खाली आलो. दोन-तीन माश्या माझ्या मनगटाशी फिरून गेल्या. घाम कानामागून उतरत होता आणि तो पुसायचंही धाडस नव्हतं. पुढे पट्टी तुटली होती. पावसानं तिच्यात ओघळ पाडून पायरी नेली होती. पलीकडे पुन्हा जमीन होती, हातभर रुंद, आणि मधे खाली, उजव्या अंगाला, वनरक्षक म्हणाला होता ती खोबण. मला ती लख्ख दिसत होती. तिच्यात कुणाच्या तरी पायाची मातीसुद्धा होती.

सरांनी दोन्ही हातांनी भिंतीतला कोनाडा धरला. डाव्या पायावर उभे राहिले आणि उजवा पाय पुढे सोडला, जुनी पायरी होती तिथं. वर्षानुवर्षं तो पाय तिथंच पडत आला होता. आता तिथं काही नव्हतं. पाय हवेत फिरला. त्यांनी मान खाली घातली, उजवीकडे वळवली, पुन्हा डावीकडे. ऊन त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पाय अजून थोडा खाली गेला, खोबणीच्या वीतभर डावीकडे, आणि खडकाला घासला. एक खडा सुटला.

तो खाली पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

सरांचा पाय अजून हवेतच होता. डावा गुडघा थरथरायला लागला. माझ्या तोंडात दोनच शब्द होते, 'उजवीकडे, खाली'. तेवढे हळू बोलता आले असते. हळू बोललेलं मोहोळाला चालतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पल्लवीनं मागून माझा दंड घट्ट धरला आणि तिच्या बोटांवरून मला कळलं की तिलाही कळलंय. मकरंदचा श्वास मला ऐकू येत होता. वहिनींनी तोंड उघडलं. त्यांचे ओठ हलले, शब्द अगदी ओठांवर आला, आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी सरांचा शब्द मोडला नाही.

सरांनी पाय मागे घेतला. दोन्ही पायांवर नीट उभे राहिले. कपाळ भिंतीला टेकवलं. वर मोहोळावरून ती चमकती लाट गेली, वरून खाली.

मग सर बोलले. कुजबुजले नाहीत. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो त्यांचा नेहमीचा आवाज होता, फक्त थोडा खाली उतरवलेला. आम्हा सगळ्यांना ऐकू जावा एवढा.

"कुमुद," ते म्हणाले, "तू बोल. मला दिसत नाही."